चिरमुरे 'हलके' असतात असं कुणी सांगितलं होतं मला?

मागवाला | २२ जून, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायला घेतलंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ५३, वडगावात घर, चार माग होते आता दोनच चालतात. मार्चमध्ये पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरकडं गेलो तर त्यांनी जखम बाजूला ठेवून आधी रक्त काढायला लावलं. उपाशीपोटी शुगर १७२ आणि एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब, ८.९. घरात सगळ्यांची तोंडं अशी झाली की मीच त्यांना धीर देत बसलो. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-रात्र जेवणासोबत चालू झाली आणि मी पण इमानदारीत पथ्य धरलं. चहा बिनसाखरेचा, कुंदा बंद, रात्रीचा भात बंद. पाच वाजता मागावरनं उठलं की भूक लागतेच, तेव्हा आधी कोपऱ्यावरची मिरची भजी असायची, ती सोडली आणि त्याच्या जागी चिरमुरे. मोठं ताट भरून, वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू पिळून. तेल नाही साखर नाही, हवेसारखं हलकं, आजारी माणसाला देतात ते, त्यानं काय होणार?

जूनमध्ये परत तपासलं, ८.४. तीन महिने जीव मारून अर्धा टक्का! डॉक्टर म्हणाले गोळी वाढवू. मी म्हटलं साहेब मला तीन आठवडे द्या, कुठं चुकूलालोय ते मला बघायचंय. मग घरी बोट टोचून शुगर मोजायचा मीटर घेतला, आणि सुताच्या हिशोबाची जुनी वही होती त्यात मागच्या पानापासनं लिहायला लागलो. खायच्या आधी एकदा, पहिल्या घासापासनं दोन तासांनी एकदा. रोज सगळ्या वेळेला नाही हं, स्ट्रिपा काय फुकट येत नाहीत, एक दिवस सकाळचा नाष्टा, दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण, तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं, असं फिरवून.

वहीतलं थोडं देतो:

पोहे एक प्लेट: आधी १४१, नंतर २१८.
दुपारी भात मोठी वाढी, आमटी, लोणचं: आधी १३३, नंतर २३८.
आख्खा मसूर, काकडी, एक ज्वारीची भाकरी: आधी १२८, नंतर १६१.
आणि ताटभर चिरमुरे: आधी १३१, नंतर २४४.

भातापेक्षा जास्त! मला वाटलं हाताला काहीतरी लागलं असेल, दुसऱ्या दिवशी साबणानं हात धुऊन पुन्हा केलं, २३९. बायको म्हणाली अहो चिरमुरे म्हणजे तांदूळच की, नुसता फुगवलेला. हे तिनं मार्चमध्ये सांगितलं असतं तर.

तुमच्याकडं असं कुणी घरभेदी सापडलं काय ते सांगा.

---

निपाणी_फाटा | २२ जून, रात्री १०:३०

मामा एकदम बरोबर. मी म्हणतो हे सगळं तांदळानं केलंय. आपले आज्जे ज्वारीची भाकरी खाऊन तंबाखूच्या शेतात दिवसभर राबायचे, कुणाला शुगर होती? भाकरी खावा, कितीही खावा, काही होत नाही.

---

मागवाला | २२ जून, रात्री १०:५२

@निपाणी_फाटा मी पण हेच समजून होतो. वही बघा: तीच भाकरी, तोच मसूर, फक्त एकाच्या जागी तीन भाकऱ्या. आधी १३०, नंतर २१४. भाकरी काय आपल्याला ओळखत नाही ओ. आणि आज्ज्यांचं म्हणाल तर ते राबत होते, मी बसतोय. शिवाय त्यांची तपासली होती कुणी?

---

लॅबमधला_माणूस | २३ जून, सकाळी ७:१५

ड्यूटीला जायच्या आधी लिहितोय, मागवाला काकांनी एक गोष्ट बरोबर केली ती सगळ्यांनी लक्षात घ्या. दोन तास हे पहिल्या घासापासनं मोजायचे. आमच्याकडं रोज दहा लोकं येतात, जेवण संपवून, हात धुऊन, चूळ भरून, बातम्या बघून मग दोन तास मोजतात आणि पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, चांगली आली म्हणून खूश होऊन जातात. आणि त्या दिवशी गोळी न घेता पण येतात बरेच जण, "टेस्ट आहे म्हणून घेतली नाही". अहो गोळी रोज घेता तर गोळी घेऊन काय होतंय हेच डॉक्टरला बघायचंय की. उपाशीपोटीचं रक्त दिलं की नेहमीसारखं जेवायचं, नेहमीची गोळी घ्यायची आणि दोन तासांनी यायचं. 'नेहमीसारखं' म्हणजे नेहमीसारखं, त्या दिवसापुरती दोन इडल्या नाही.

एचबीएवनसीला उपाशी यायची गरजच नाही. तांबड्या पेशींना साखर चिकटते, पेशी जगतात साधारण १२० दिवस, म्हणून तो आकडा दोन-तीन महिन्यांचा गोळाबेरीज हिशोब असतो. आदल्या रात्री उपवास करून तो फसत नाही. ८.४ म्हणजे दिवसरात्र धरून सरासरी १९४ च्या आसपास. ७ म्हणजे १५४. त्यामुळं सकाळची एकच उपाशी शुगर १३५ बघून "कंट्रोलमध्ये आहे" म्हणणाऱ्यांचं दुपारचं आणि संध्याकाळचं गणित कुठंतरी पडलेलं असतं, काकांचं चिरमुऱ्यात होतं.

मीटरबद्दल: चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडं-तिकडं चालतं, मानकातच तसं आहे. म्हणजे खरी २०० असेल तर मीटर १७० पण दाखवेल २३० पण दाखवेल. १५२ आली का १५८ आली यावर घरात भांडू नका. १६१ आणि २४४ मधला फरक मात्र खरा.

---

खानापूरची_लेक | २३ जून, दुपारी २:२०

हसू नका पण सांगते. आमच्या सासूबाई जांबोटीकडच्या, कन्नड जेमतेम बाजारापुरतं. सरकारी दवाखान्यात शुगर निघाली, सिस्टर चांगली होती, समजावून सांगितलं तिनं, "अन्न कडिमी माडरी". कन्नडमध्ये अन्न म्हणजे भात, भात कमी करा. ह्यांना ऐकू आलं अन्न कमी करा. घरी येऊन गप्प, कुणाला काही सांगितलं नाही आणि जेवणच निम्मं केलं. भाकरी निम्मी, भाजी निम्मी, आमटी निम्मी, आणि भात? भात तेवढाच! कारण भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणून निम्म्या जेवणात तोच ठेवला. दोन महिन्यांत सहा किलो उतरल्या, चक्कर यायला लागली, आणि शुगर जिथल्या तिथं. मी सोबत गेले दुसऱ्या खेपेला तेव्हा उलगडा झाला, सिस्टर पण डोक्याला हात लावून बसली आणि मग हसायलाच लागलो सगळे.

आता त्यांचं ताट मी वाढते. आधी उसळ नाहीतर पालेभाजी आणि ताक, मग शेवटी भात, मापाच्या वाटीनं एक वाटी. आधी भात कालवून पोट भरायचं आणि मग भाजी तोंडी लावायला, हे उलटं केलं फक्त. दोन तासांनंतरची २२० च्या घरातनं १७५-१८० वर आली. पण एक कोडं आहे, मीटरवर सगळं बरं दिसतंय तरी एचबीएवनसी ८ च्या खाली येईना. असं का होत असेल?

---

लॅबमधला_माणूस | २३ जून, रात्री ८:४०

@खानापूरची_लेक ताई, सासूबाईंचं हिमोग्लोबिन किती आहे?

---

खानापूरची_लेक | २३ जून, रात्री ८:५५

८.६

---

लॅबमधला_माणूस | २३ जून, रात्री ९:०२

मग तिथंच असू शकतं. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. उलट रक्तस्राव झाला असेल, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर कमी दाखवतं. डॉक्टरना मीटरची वही दाखवा आणि हिमोग्लोबिनचं सांगा, आधी लोह भरून काढू म्हणतील बहुतेक. नुसत्या त्या एका आकड्यावर गोळ्या वाढवून घेऊ नका. आणि सहा किलो उतरलेल्या बाईला चक्कर, म्हणजे त्याचंही बघायला सांगा.

---

खानापूरची_लेक | २३ जून, रात्री ९:१०

हे दोन वर्षांत कुणी बोललं नाही. धन्यवाद भाऊ.

---

पुण्यातला_बेळगावकर | २४ जून, सकाळी ११:०५

आई टिळकवाडीत एकटी असते, ७१ वय, मी पुण्यात. रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाते, खाणं अगदी मोजून. तिची गेल्या महिन्यातली घटना सांगतो. एका शिबिरात रक्त दिलं, उपाशी ९४ आली, तिनं आनंदानं मला फोन केला आणि दोन दिवस गोळी बंद केली. घरच्या मीटरवर त्याच सकाळी १३८ होती, म्हणाली तुझा मीटर बिघडलाय. मीटर दुकानात दाखवला, ठीक आहे. शिबिर कुठलं ते सांगत नाही, पण ९४ आली कशी?

---

लॅबमधला_माणूस | २४ जून, दुपारी १:३०

रक्त कुठल्या बाटलीत घेतलं त्यावर आहे. साखरेसाठी करड्या टोपणाची नळी लागते, त्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत घेतलं तर त्यातल्या पेशी जिवंतच असतात, त्या साखर खात बसतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळी सातला घेतलेलं रक्त डब्यात घालून गावोगाव फिरून दुपारी एकला मशीनवर लागलं तर १३८ ची ९४ व्हायला काय लागतं! नक्की तसंच झालं असं मी म्हणत नाही, पण शिबिरात रक्त देताना टोपणाचा रंग बघा. एचबीएवनसीला जांभळं टोपण चालतं, ते टिकतं.

आणि आईंना सांगा, एक रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नसते.

---

आयुर्_भक्त | २४ जून, सायंकाळी ५:१२

मधुमेह मुळापासून बरा होतो. २१ दिवसांचा काढा. संपर्क [क्रमांक काढला आहे – संचालक]

---

निपाणी_फाटा | २४ जून, सायंकाळी ५:२०

आला बघा.

---

चिकोडीचे_मास्तर | २४ जून, रात्री ९:३३

काढ्यावर शाई वाया घालवत नाही, पण 'मुळापासून' या शब्दावर दोन ओळी. औषधाशिवाय एचबीएवनसी ६.५ च्या खाली निदान तीन महिने राहिला तर त्याला आता डॉक्टर मंडळी 'रेमिशन' म्हणतात, बरा झाला असं म्हणत नाहीत, कारण वजन परत चढलं की साखर परत येते. ब्रिटनमध्ये याचा मोठा अभ्यास झालेला आहे, २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या आत निदान झालेले, इन्शुलिनवर नसलेले लोक घेतले, तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, तेही देखरेखीखाली आणि गोळ्या थांबवून. वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोक औषधाविना होते. ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. म्हणजे काढा वगैरे नाही, वजन. पण आमच्यासारखा ६२ किलोचा वाळका माणूस १५ किलो उतरवणार कुठून? आपल्याकडे बारीक हातापायाचे आणि पोट सुटलेले लोक जास्त, त्यांना पोटाचा घेर बघावा लागतो.

आता माझं. निवृत्त शिक्षक, १४ वर्षं झाली शुगरला. मागवाला, तुमची वही आवडली, विद्यार्थ्यानं अशी वही आणली असती तर पाठ थोपटली असती. पण तुम्ही ताटातल्या साखरेच्या मागे लागलाय तेव्हा आणखी काही तपासण्या विसरू नका. मला दोन वर्षं तळपायाला मुंग्या, जळजळ. मी ठरवून टाकलं शुगरनं नसा गेल्या, आता काय करणार. मुलीनं जबरदस्तीनं बी बारा तपासायला लावलं, खूपच कमी. नऊ वर्षं मेटफॉर्मिन घेत होतो, त्यानं बी बारा उतरू शकतं, आणि आम्ही घरात शाकाहारी. इंजेक्शनं घेतली, तीन महिन्यांत मुंग्या निम्म्या. म्हणून मेटफॉर्मिनवाल्यांनी अधूनमधून ते बघावं. वर्षातनं एकदा डोळ्याचा पडदा, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, पायांना संवेदना आहे का ते. लघवीची ती तपासणी कुणी सांगत नाही आणि किडनीचं दुखणं तिथंच आधी कळतं.

गुळाबद्दल कुणी विचारायच्या आत: गूळ म्हणजे साखरच. आपल्या पट्ट्यात घरचा गूळ, सेंद्रिय गूळ, गुळाचा चहा याचं फार कौतुक चाललंय. मीटरला ते सांगून बघा.

---

हुक्केरीची_आक्का | २५ जून, सकाळी १०:४०

मास्तर, नाचणीचं सांगा की. मला सगळ्यांनी सांगितलं नाचणी खा नाचणी खा, मी रोज सकाळी नाचणीची आंबील पितेय ग्लासभर, ताक घालून, मीठ घालून. तरी पीपी २०० च्या वर.

---

मागवाला | २५ जून, दुपारी १:१५

आक्का, आमच्या घरात पण आंबील झाली परवा म्हणून मोजली. आंबील: आधी १२६, नंतर २०५. त्याच नाचणीची जाडसर भाकरी एक, शेपूच्या भाजीसोबत: १३०, नंतर १६८. मला वाटतं पीठ बारीक दळून, शिजवून, पातळ करून प्यायलं की पोटाला काही कामच उरत नाही, सरळ रक्तात. चावायचं ते चावूनच खावं. मास्तर चुकत असेल तर सांगा.

---

चिकोडीचे_मास्तर | २५ जून, दुपारी १:५०

बरोबर. आणि नाचणी असो की ज्वारी, शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टच आहे, तांदळापेक्षा फार कमी नाही. कोंडा आहे, पचायला वेळ लागतो, हा फायदा. तो फायदा आंबिलीत आपण गाळून आणि शिजवून घालवतो.

---

डबलबेल | २६ जून, रात्री ११:२०

आत्ता ड्यूटी संपवून आलो, हे वाचून राहवत नाही म्हणून लिहूलालोय. मी कंडक्टर आहे, गाडी निपाणी लाईनची. सगळेजण शुगर वाढली वाढली करतात, कमी झाल्यावर काय होतंय ते मला विचारा.

मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराईड पण आहे मला, उपाशी राहिलं तर शुगर फार खाली नेणारी गोळी. मोबाईलवर बघून दोनदाच जेवायचं चालू केलं, दुपारी एक आणि रात्री आठ, मधे पाणी. डॉक्टरला विचारलं नाही ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली आणि उपाशी ड्यूटीवर. संकेश्वर स्टँडच्या अलीकडं तिकीट फाडताना बोटं थरथरायला लागली, घाम असा की शर्ट भिजला, पाऊस बाहेर आणि भिजूलालोय मी आत. एका बाईला पन्नासच्या नोटेवर साडेचारशे परत दिले म्हणे. ड्रायव्हर अण्णानं गाडी बाजूला घेतली. एक आज्जी बसल्या होत्या मागं, बेळगावातनं लेकीकडं चालल्या होत्या कुंद्याचा बॉक्स घेऊन, त्यांनी तो फोडला आणि मला बचाबचा चारला. बॅगेत मीटर होता, कसाबसा लावला, ५४.

वीसेक मिनिटांनी माणसात आलो. आज्जीनं पैसे घेतले नाहीत, साडेचारशे त्या बाईनं परत आणून दिले.

डॉक्टरनी झापलं. म्हणाले जेवण कमी करायचं तर आधी ती गोळी कमी करावी लागते, तू उलट केलंस. आता ती निम्मी केलीय.

---

लॅबमधला_माणूस | २७ जून, सकाळी ७:००

भाऊ वाचलात. ७० च्या खाली गेली की धावपळीत कुंदा, पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या खव्यामुळं, तुपामुळं साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. नुसती साखर, तीन चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटं थांबा, परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तीन चमचे. वर आली की मग भाकरी, बिस्कीट काहीतरी खा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. तिकिटाच्या बॅगेत साखरेची पुडी ठेवा.

---

डबलबेल | २७ जून, सकाळी ७:२५

ठेवलीय. सुट्ट्या पैशाच्या कप्प्यात. मुंग्या लागल्यात.

---

निपाणी_फाटा | ३० जून, रात्री ९:०५

मीटर घेतला मी पण. भाकरीबद्दल बोललो ते मागं घेतो, तीनची दोन केली. एक प्रश्न, पावसात स्ट्रिपा खराब होतात काय? कालपासनं काहीही आकडे येतात, एकदा ९८ एकदा १९०, पाच मिनिटांत.

---

खानापूरची_लेक | १ जुलै, सकाळी ९:३०

होतात! आमच्याकडं तर जून ते सप्टेंबर मीठसुद्धा पाणी होतं. स्ट्रिपा दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत, मूळ डबीतच, आणि एक काढली की लगेच टोपण. स्वैपाकघरात नको. ओल्या बोटाला पण लावू नका, हात धुतला की कोरडा पुसायचा. माझ्या नवऱ्यानं आंबा सोलून बोट टोचलं होतं, ३१० आली, घरात रडारड, धुऊन परत केलं तर १४६.

---

निपाणी_फाटा | १ जुलै, सकाळी ९:४८

आमच्या मंडळींनी सगळ्या स्ट्रिपा लोणच्याच्या छोट्या बरणीत काढून ठेवल्यात. "डबी छान आहे, कुंकवाला होईल" म्हणून.

---

पुण्यातला_बेळगावकर | १ जुलै, दुपारी १२:१०

सीमाभागात चांगली सोय नाही हेच खरं, आईला मिरजेला नाहीतर कोल्हापूरलाच दाखवावं म्हणतो. आणि आपल्या ८६५ गावांना

[उरलेला मजकूर काढला. तो विषय वेगळ्या धाग्यात. – संचालक]

---

हुक्केरीची_आक्का | १ जुलै, दुपारी १२:४०

बाळा, शुगर कन्नड का मराठी विचारत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात शुगर-बीपीची वेगळी ओपीडी असते, तपासणी आणि साध्या गोळ्या फुकट, मी तिथनंच घेते. मिरजेला जायचं तेव्हा जा, पण दर महिन्याच्या गोळीसाठी आईला गाडीत घालून कशाला नेतोस.

---

मागवाला | ६ जुलै, रात्री ८:१५

आषाढी एकादशी झाली. बायको म्हणाली यंदा साबुदाणा करत नाही, वरी करते. वरीचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. आधी १२४, नंतर १९७. बटाट्यानं केलं का वरीनं ते कळलं नाही. तिनं पण उत्सुकतेनं स्वतःची तपासली, तिला शुगर नाही, तिची १२२. तिच्या तोंडावरचा आनंद बघवत नव्हता.

आणि एक. भात-आमटीनंतर घराजवळच गल्लीत पंधरा मिनिटं चाललो, नुसत्या शतपावलीपेक्षा जरा जास्त. तीच वाढी, २३८ च्या जागी १९१. पुन्हा दोनदा करून बघितलं, १९५, १८४. गोळी न वाढवता एवढं होतंय तर पावसात छत्री घेऊन का होईना जाणार. कुत्री मागं लागतात तेवढं सोडलं तर.

---

मागवाला | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय. परवा रिपोर्ट आला. ८.४ चा ७.१. गोळी तीच, वाढवली नाही. वजन चार किलो कमी. जखम तर केव्हाच भरली. डॉक्टरनी वही मागून घेतली, पानं उलटली, चिरमुऱ्याच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "मी पण संध्याकाळी हेच खातो."

संध्याकाळी आता भिजवलेले हरभरे नाहीतर मूठभर शेंगदाणे. पण दिवाळी तोंडावर आहे. आत्ता स्वैपाकघरातनं भडंगाच्या फोडणीचा वास येऊलालाय, लसूण, कढीपत्ता, वर मेतकूट. मी मीटर घेऊन बसलोय. आधी ११८.

---

डबलबेल | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४१

मामा मोजून खावा. आणि नंतरचा आकडा टाका, इथं सगळे थांबलेत.

---

मागवाला | ११ ऑक्टोबर, रात्री ८:४०

एक वाटी, सपाट, शेंगदाणे जास्त घालून घेतले. १५६.

---

हुक्केरीची_आक्का | ११ ऑक्टोबर, रात्री ८:४४

शाब्बास.

---

मागवाला | ११ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मग शेजारचे त्यांच्या घरच्या भडंगाचा डबा घेऊन आले, चव बघा म्हणून. त्याचं मोजलेलं नाही.